करारनाम्यावर सही करण्याआधी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या नव्या फ्लॅटच्या करारनाम्याचा मसुदा वाचला. चौरस फुटामागे शंभर-दोनशे सुटले म्हणून खूश होऊ नकोस. खरी घासाघीस अटींवर करायची, तीही हातात पैसे असतानाच. रेराच्या, म्हणजे घरखरेदीदारांना संरक्षण देणाऱ्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या, कलम 13 प्रमाणे करारनाम्याची नोंदणी होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. ‘आधी 20 भरा, मग करार’ असं कुणी म्हणालं तर तिथेच थांब.

महारेराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साइटवर प्रकल्पाचा करारनामा चढवलेला असतो. तो, नियमांतला आदर्श करारनामा आणि तुझा मसुदा शेजारी ठेवून ताडून बघ. हप्त्यांपासून सुरुवात कर, कारण गडबड बहुधा तिथेच असते. आदर्श नमुन्यात जोत्यापर्यंत एकूण जास्तीत जास्त 45 टक्के, सगळे स्लॅब पडेपर्यंत 70, आणि लिफ्ट, पंप, वायरिंग झाल्यावर 95. उरलेले ताब्याच्या वेळी, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला योग्य असल्याचा दाखला) आल्यावर. स्लॅबपर्यंतच 85-90 मागितले असतील तर ते कापून घे. स्लॅब भराभर चढतात, प्लास्टर आणि लिफ्ट रेंगाळते. तोवर पैसे देऊन झालेले असले तर घाई फक्त आपल्यालाच उरते.

ताब्याची तारीख दिवस-महिना-वर्षासह हवी. ‘अंदाजे’ हा शब्द खोडायला लाव. उशिराबद्दलचं व्याज त्या तारखेपासूनच मागता येतं. व्याजाचा दर तुला आणि बिल्डरला सारखा: स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेचा कर्जाचा पायाभूत दर) अधिक 2 टक्के. तुझ्या उशिराला 18 टक्के आणि त्याच्या उशिराबद्दल चकार शब्द नाही, असं कलम दिसलं तर सोडू नकोस. पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि जागा लिहून घे. नुसतं ‘एक पार्किंग’ नको.

कर्ज नामंजूर झालं तर काय, हे मसुद्यात बहुधा नसतं. ‘बँकेने नकार दिल्यास कपात न करता रक्कम परत’ ही ओळ माग. बिल्डरने नाहीच मानले तर वाटपपत्राचा (बुकिंगनंतर बिल्डर देतो त्या पत्राचा) आधार आहे: महारेराच्या नमुन्यानुसार 15 दिवसांत रद्द केल्यास कपात नाही, पुढे 1 ते 2 टक्के. म्हणून कर्जाची मंजुरी पहिल्या पंधरवड्यातच मिळव.

‘सगळ्यांना हाच करार’ हे उत्तर येणारच. वाद घालू नकोस, आदर्श नमुन्यातलं कलम पुढे ठेव. कपाटं, वर्षभराचा मेंटेनन्स असली तोंडी आश्वासनं परिशिष्टात घालून घे, आणि उत्तर ईमेलवरच माग.

बाबा