हिरकणी कक्षात एक किटली हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले की जादा गाड्यांच्या आणि महामार्गावरच्या खड्ड्यांच्या बातम्या सुरू होतात. मी एसटीत एकतीस वर्षं वाहक होतो, आता हर्णैला घरीच असतो. या गाड्यांतून येणाऱ्या तान्ह्या पोरांच्या दुधाबद्दल आणि एसटी स्थानकातल्या हिरकणी कक्षाबद्दल, म्हणजे आईने बाळाला पाजायच्या खोलीबद्दल, लिहायचं आहे. आजोबा झाल्यावर हे शहाणपण आलं, नोकरीत असताना आलं नाही, हे आधीच कबूल करतो.

"मास्तर, दोन मिनिटं थांबा हो, बाळाचं दूध करायचंय," असं किती आया म्हणाल्या असतील, हिशेब नाही. फलाटावरच्या नळाखाली बाटली विसळायची, थर्मासातलं कोमट पाणी ओतायचं, पावडर घालून हलवायची, की झालं दूध. काही जणी तर घरूनच तयार दूध थर्मासात भरून आणायच्या. माझं लक्ष घड्याळाकडे असायचं, बाटलीकडे नाही.

गेल्या पावसाळ्यात सुनेच्या औषधांमुळे डॉक्टरांनी अंगावरचं दूध थांबवायला सांगितलं आणि तीन महिन्यांच्या नातवासाठी चिठ्ठीवर पावडरचा डबा लिहून दिला. डबा लिहिला, पण कसा वापरायचा ते सांगायला कोणाला वेळ झाला नाही. शेजारणींनी "पावडरीवर वाढवताय होय?" म्हणून सुनेला रडवलं, तेही वर. रात्रपाळी माझ्याकडे आली, कारण म्हाताऱ्याला झोप कमीच.

जुलैतली गोष्ट. रात्री दहाला आमच्या हिने दोन बाटल्या करून फ्रिजमध्ये ठेवल्या. बाराच्या सुमारास वीज गेली ती उजाडेपर्यंत आली नाही. वीज गेली की फ्रिज म्हणजे नुसतं कपाट. पहाटे चारला मी त्यातलीच एक बाटली गरम पाण्यात धरून पोराला पाजली. वास घेऊन बघितला होता, चांगला होता. दुपारपासून उलट्या आणि जुलाब. दापोलीला उपजिल्हा रुग्णालयात दोन दिवस काढले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्या दुधानेच झालं असं छातीठोकपणे सांगितलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "काका, बाटली कशी धुता ते मला करून दाखवा." मी ऐटीत ब्रश फिरवला, बाटली लख्ख. मग त्यांनी बूच, म्हणजे बाळ चोखतं ते निपल, चाकीतून ओढून काढलं, उलटं केलं आणि माझ्या हातात दिलं. आतल्या कडेला पिवळट साय धरली होती, बोट लावलं तर बुळबुळीत. चाकीच्या आट्यांमध्ये वाळलेल्या दुधाची रेघ. रोज दोनदा उकळत होतो ती बाटली. पण सगळं जोडलेलंच उकळत होतो, आणि घाण न काढता उकळत होतो.

आता आमच्याकडे बाटली संपली की लगेच तिचे सगळे भाग सुटे होतात. आधी हात साबणाने धुवायचे (घरात म्हावरं साफ झालं असेल तर दोनदा), मग साबणाच्या गरम पाण्यात वेगळ्या ठेवलेल्या ब्रशने बाटली आणि बूच आतून-बाहेरून घासायचं. खरकट्याचा काथ्या त्याला लावायचा नाही. मग टोपात सगळं पूर्ण बुडवून, आत हवेचा बुडबुडा न ठेवता उकळायचं आणि लागेपर्यंत झाकून ठेवायचं. माझ्या आईचं चांदीचं बोंडलं घरात आहे, त्याची चोच आतून कशी घासणार या प्रश्नावर ते परत देवघरात गेलं. डॉक्टरीणबाईंचं मत तर बाटलीपेक्षा वाटी-चमचाच बरा, त्याला कोपरेच नसतात. दिवसा आम्ही तेच करू लागलो. रात्री पेंगत चमच्याने पाजणं मला काही जमलं नाही.

पण मला सगळ्यात धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीने. मी समजत होतो, पाणी उकळलं की काम झालं. आमच्या विहिरीचं पाणी पावसात गढूळ होतं, ग्रामपंचायत टीसीएल (जंतुनाशक पावडर) टाकते, म्हणून पाण्याची धास्ती होतीच. पावडरची नव्हती. सीलबंद डब्यातली पावडरसुद्धा निर्जंतुक नसते, हे मला साठीनंतर कळलं. तिच्यात क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. क्वचितच असतात, पण दोन महिन्यांच्या आतल्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ते जिवावर बेतू शकतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2007 सालीच सांगून ठेवलंय की पावडर घालताना पाणी 70 अंशांच्या खाली गेलेलं नको. लिटरभर पाणी खळखळून उकळून झाकलं, तर अर्ध्या तासाच्या आत ते वापरायचं. पेलाभर पाणी त्याच्या कितीतरी आधी निवतं. आमच्या डब्यावर मात्र बारीक इंग्रजीत पाणी उकळून कोमट करा एवढंच होतं. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्यांनी आमच्या पावडरीला गरम पाणी चालेल असं सांगितलं. प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरांना विचारावं.

आधी पाणी मोजायचं, मग पावडर. आमच्या डब्याचं माप 30 मिलीला एक चमचा, सुरीच्या पाठीने सपाट केलेला. सुटे पैसे मोजण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे हे मला सोपं गेलं. डबा महिनाभर पुरावा म्हणून एखादा चमचा कमी घालणारी घरं मला माहीत आहेत. त्यांना नावं ठेवत नाही, डबा महाग आहे. पण त्याने पोराच्या पोटात नुसतं पाणी जातं. दूध झालं की बाटली गार पाण्याच्या भांड्यात धरायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा आणि पाजायचं. उरलेलं टाकून द्यायचं, आणि केलेलं दूध तसंच राहिलं तर दोन तासांनंतर तेही. दूध मोरीत ओतायला आमच्या हिचा हात धजत नाही, म्हणून उरलेलं ती आपल्या चहात घालते. चहा कसा लागतो ते विचारू नका.

1992 च्या कायद्याने पावडरच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात बंद आहे, ते योग्यच आहे. आईच्या दुधाला तोड नाही. पण ज्या घरात डॉक्टरच डबा लिहून देतात, तिथे निदान एकदा एक बाटली समोर करून दाखवावी. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि आता एसटीबद्दल. तयार दूध थर्मासात भरून आणू नका, कोमट दुधात जंतू सुखाने वाढतात. उकळतं पाणी थर्मासात काठोकाठ भरा, मोजलेली पावडर कोरड्या, उकळून घेतलेल्या डबीत वेगळी घ्या, आणि गाडी थांबल्यावरच दूध करा, धावत्या गाडीत हात भाजतो. पण माणगावच्या कोंडीत गाडी पाच तास अडकली की थर्मासातलं पाणीही निवतं. म्हणून माझी विनंती: पनवेल, महाड, खेड, दापोली अशा स्थानकांच्या हिरकणी कक्षांत गणपतीच्या आठवड्यापुरती तरी विजेची एक किटली ठेवावी आणि वरची कृती मोठ्या मराठी अक्षरांत भिंतीवर लावावी. वीज नसेल तर उपाहारगृहातून उकळतं पाणी मागितल्याबरोबर मिळावं, चहा घ्यायची अट न घालता. वाहकांनाही सांगून ठेवावं, की बाळाच्या दुधासाठी गाडी दोन नाही, दहा मिनिटं थांबली तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक,
हर्णै, ता. दापोली