दूध, ताक आणि फुंकर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, दुधानं तोंड भाजलंय, आता ताकही फुंकूनच पिणार." आणि त्या नव्या मुलाला भागीदारीसाठी नकार कळवून मोकळा झालास. तेव्हापासून तुझं ते वाक्य डोक्यातून जात नाही. ही म्हण आपण शहाणपणाची म्हणून सांगतो, पण तिच्यातला माणूस नेमकं काय करतोय ते जरा बघ.

दुधावर साय धरली की वाफ दिसेनाशी होते, वरून निवल्यासारखं वाटतं. आपण बेसावध ओठाला लावतो आणि ती साय जिभेला चिकटून भाजत राहते. ६० अंश सेल्सिअसचं नुसतं पाणीसुद्धा काही सेकंदांत कातडी भाजतं, दूध तर उकळताना १०० च्या आसपास असतं. म्हणजे त्याचं तोंड खरंच पोळलेलं आहे. पण ताक? दही घुसळून, पाणी घालून केलेलं. त्यावर फुंकर कशाला? दोन्ही पांढरी म्हणून. भाजलं उष्णतेनं आणि त्याच्या लक्षात राहिला रंग.

हितोपदेशात हेच जवळजवळ याच शब्दांत आहे: खिरीनं भाजलेलं मूल दहीही फुंकून खातं. त्याच्या आधीची ओळ मला जास्त लागते. दुर्जनांनी मन नासवलेल्या माणसाचा सज्जनांवरही विश्वास बसत नाही.

माझ्याबाबतीत हेच घडलं. तू तिसरीत असताना मी एका मैत्रिणीच्या कर्जाला जामीन राहिले. तिनं हप्ते थांबवले आणि ते माझ्या पगारातून जायला लागले. ते तुला थोडंफार आठवत असेल. पुढचं तुला कधी सांगितलं नाही. दोन वर्षांनी मामा एक कागद घेऊन आला. त्याला साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. साक्षीदार फक्त 'ही सही माझ्यासमोर झाली' एवढंच सांगतो, कर्ज काही त्याच्या गळ्यात पडत नाही. मला हे माहीत होतं. तरी पेन हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं. म्हटलं, "मी आता कुठंच सही करत नाही." त्यानं कागदाची घडी घातली, खिशात ठेवला, चहा न घेता गेला. अजून येतो, बोलतो. पण काही मागत नाही.

तुला कशानं पोळलं, ते मी तुझ्याच तोंडून ऐकलंय. वर्षभर पैसे दिलेस, एकाही रकमेची नोंद नाही. दोघांचं खातं एकाच्याच हातात. 'मित्र आहे, विचारायचं कसं' म्हणून हिशेब मागितला नाहीस. बुडाले ते या वाटेनं. त्यानं केलं ते वाईटच, त्याची बाजू मी घेणार नाही. पण हा नवा मुलगा पहिल्याच भेटीत लेखी करार करू म्हणाला, खात्यावर दोघांच्या सह्या ठेवू म्हणाला. हे तूच मला सांगितलंस, आणि पुढच्याच वाक्यात नकार कळवल्याचंही.

त्याला निदान एकदा भेट. कराराचा मसुदा माग, नीट वाच, जे खटकेल ते तोंडावर विचार. पटलं नाही तर खुशाल नाही म्हण, मी एक शब्द बोलणार नाही.

मीही या रविवारी मामाकडे जाऊन येते. इतक्या वर्षांनी काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आई