मिस्त्रीमामा, तुम्ही बाबांना उत्तर दिलंत

शुक्रवार पेठ, कोल्हापूर

ती. मिस्त्रीमामांना सा. न. वि. वि.

तुमचं नाव कुठं लिहायचं नाही, असं तुम्ही जिना उतरताना दोनदा बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पत्र मात्र उघडच लिहितेय. त्या दिवशी तुम्ही धड चहासुद्धा संपवला नाही. मी आभाराचे दोन शब्द बोलायच्या आत तुम्ही छत्री उचलून केएमटीची सिटी बस गाठायला निघालात. ते दोन शब्द तेव्हापासून घशात अडकून राहिलेत.

आमच्या आज्जाची सर्व्हिस मोटार होती. आता ‘सर्व्हिस मोटार’ म्हटलं तरी कुणाला कळत नाही, लोकांना वाटतं गाडी सर्व्हिसिंगला टाकली होती. एसटीच्या आधी गावोगाव ज्या खाजगी मोटारी उतारू घेऊन धावायच्या, त्यांना तेच नाव होतं. आज्जाच्या दोन गाड्या होत्या, आणि सुटे भाग काढून घ्यायला म्हणून परड्यात उभी केलेली तिसरी. कोल्हापूर ते गगनबावडा असा रस्ता. रंकाळ्याच्या अंगानं बाहेर पडायचं, बालिंग्याला भोगावती ओलांडायची, कळे, मांडुकली, असळज करत बावड्याला पोचायचं. पन्नास-पंचावन्न किलोमीटरच, पण बैलगाडीला त्यात दोन मुक्काम पडायचे. आज्जानं एक बैलजोडी विकली, चार एकर गहाण टाकली आणि मुंबईहून जुनी चेसी आणली. वरची बॉडी इथल्याच सुतारानं सागवानात बांधली आणि वर पत्रा ठोकला.

जाताना टपावर मीठ, रॉकेल, कापडाचे गठ्ठे आणि टपालाची थैली. येताना उतारूंच्या डोक्यावर शाहूपुरीच्या पेठेत चाललेले गुळाचे रवे आणि घाटाखालून वर आलेली सुकी मासळी. गुळावर ताडपत्री नीट घातली नसली की पावसात तो पाझरायचा आणि आतल्या माणसांच्या टोप्या चिकट व्हायच्या. पावसाळ्यात कुंभीचं पाणी मांडुकलीपाशी रस्त्यावर आलं की सर्व्हिस बंद. ते पाणी आजही तिथंच येतं आणि आजही रस्ता तिथंच बंद पडतो.

महायुद्धात पेट्रोलवर रेशन आलं तेव्हा आज्जानं एका गाडीला कोळशाचा गॅस बसवला. गाडीच्या पाठीमागं पत्र्याचं उंच पिंप असायचं. त्यात कोळसा पेटवायचा, हवा बेतानं द्यायची, म्हणजे तो अर्धवट जळून जो वायू निघतो तो गाळून इंजिनात घ्यायचा. गाडी निघायच्या आधी अर्धा तास पंख्याचं चाक हातानं फिरवत बसावं लागे. त्या गॅसवर गाडीला जोर कमी. चढ आला की माणसं खाली उतरायची आणि पुरुषमाणसं ढकलायची. बाबा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. पंख्याचं चाक फिरवायचं काम त्यांच्याकडं. त्या धुरानं डोकं कसं ठणकायचं, ते आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

हे सगळं आम्हाला तोंडीच माहीत. कागद होते. परवाने, तिकिटांची पुस्तकं, टायरच्या पावत्या, आज्जाच्या मोडी अक्षरातली हिशेबाची वही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याशी पंचगंगा ५५ फूट ७ इंचांवर गेली. धोक्याची पातळी ४३ फुटांची. आमच्या खालच्या खोलीत पाणी आठवडाभर होतं आणि पत्र्याची ट्रंक पलंगाखाली होती. पुढं काय झालं ते पेठेत राहणाऱ्यांना सांगायला नको. वाचला तो एक फोटो, भिंतीवर उंच खिळ्याला होता म्हणून.

त्या फोटोत गाडी आहे, आज्जा आहे, डायव्हर आहे, तिकिटं फाडणारा मास्तर आहे. पुढच्या मडगार्डला टेकून एक तेरा-चौदा वर्षांचा पोरगा उभा आहे, हातात काहीतरी काळं घेऊन. बाबा सांगायचे, ‘तो मी.’

जिल्ह्यातल्या जुन्या वाहतुकीची माहिती गोळा करणारे एक गृहस्थ आहेत असं कळलं, म्हणून मी तो फोटो घेऊन त्यांच्याकडं गेले. त्यांनी तो ठेवून घेतला. सात महिने फोन उचलला नाही. परत दिला तेव्हा एक कोपरा मोडलेला होता, आणि वर ऐकवलं की दोन गाड्यांच्या धंद्याला काय इतिहास म्हणायचं का. गाडी फोर्ड आहे म्हणाले. पोरगा कुणीतरी किन्नर, म्हणजे गाडीचा क्लीनर असेल, मालकाचा मुलगा कशाला फडकं मारेल, तुमच्या वडिलांचं वय झालंय, असं होतं. दुसऱ्या एका कचेरीत तर खिडकीतूनच ‘कागद आहे का?’ एवढंच विचारलं. कागद पुरात गेला म्हटल्यावर खिडकीतल्या बाई पुढच्या माणसाकडं बघायला लागल्या.

मला राग आला तो इतिहास म्हणतात की नाही याचा नव्हे. पुणे-अहमदनगर रस्त्यावर १ जून १९४८ ला पहिली एसटी धावली, तिचे चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे यांची नावं दर वर्धापनदिनाला छापून येतात. यावीतच. पण त्याच्या आधी वीस-वीस वर्षं ज्यांनी चिखलातून गाड्या ओढल्या, त्यांच्यातल्या शेवटच्या जिवंत माणसाला तुम्ही विचारतही नाही, आणि तो सांगतो तर त्याचं वय झालंय म्हणता?

वय झालंय हे खरं. बाबा नव्वदीला टेकलेत. चार वर्षांपासून विसरण्याचा आजार आहे. मला ते आत्याच्या नावानं हाक मारतात. दुपारी उठून दाराशी जातात आणि गाडी लागली का विचारतात. तेव्हा आम्ही सगळे काय करतो? समजावतो. ‘बाबा, गाडी कुठली आता? बसा बघू.’ मीही तेच करत होते. दिवसातून दहा वेळा.

अशात उद्यमनगरातल्या एका दुकानदारानं तुमचं नाव सांगितलं. तुम्ही एसटीच्या वर्कशॉपात सगळी हयात काढली, आणि ज्यांच्या हाताखाली शिकलात ते खाजगी सर्व्हिसवाल्यांकडचे मिस्त्री होते. राष्ट्रीयीकरणात मालकांची गाडी गेली आणि ते मिस्त्री एसटीत आले. मी फोटो दाखवायला आले तेव्हा तुम्ही आधी हात धुतलेत, मग टॉवेलनं कोरडे केलेत, आणि मगच फोटो धरलात, तोही कडांनी. मोडलेल्या कोपऱ्यावरून तुमचं बोट हळूच फिरलं. तिथंच मला अर्धं मिळालं होतं. मग भिंग आणलंत. रेडिएटरच्या माथ्यावर मधे रुंद आणि दोन्हीकडं आडव्या फितीसारखी खूण दिसली आणि तुम्ही म्हणालात, ‘फोर्ड न्हवं, शेव्हरलेट हाय. मुंबईत शिवडीला जोडायचे ह्या.’ मग पोरावर भिंग नेलंत आणि बराच वेळ काही बोलला नाहीत. ‘हातात हँडल हाय ह्याच्या’ एवढंच म्हणालात. हँडल म्हणजे इंजिन चालू करायला पुढून फिरवायची लोखंडी दांडी. फोटोतली ती काळी वस्तू काठी आहे असं आम्ही साठ वर्षं समजत होतो.

पुढच्या रविवारी भर पावसात, पोत्यात काहीतरी गुंडाळून, तुम्ही आमच्या दारात उभे. आत ते हँडल होतं. तुमच्या गुरूंचं. आमच्या गाडीचं नव्हे, हेही तुम्ही आधीच स्पष्ट सांगितलंत, ‘पर तसलंच.’

आता जे लिहितेय ते तुम्हाला माहीतच आहे, पण तुम्ही काय केलंत ते तुम्हाला माहीत आहे की नाही, याची मला शंका आहे.

तुम्ही बाबांना काही विचारलं नाही. तुम्हाला आठवतंय का, ओळखता का, यातलं काहीच नाही. फडक्यानं हँडल पुसलंत आणि त्यांच्या उजव्या हाताशी नेलंत. बाबांनी ते धरलं. तुम्ही माझ्याकडं वळून हलक्या आवाजात म्हणालात, ‘अंगठा बघा.’ मला काही कळेना. कुठलीही वस्तू आपण मुठीत धरतो तेव्हा अंगठा पलीकडून येतो. बाबांचा अंगठा चारी बोटांच्या बाजूलाच होता. नंतर तुम्ही समजावलंत. इंजिनानं उलटा झटका दिला तर पलीकडचा अंगठा मोडतो, म्हणून हँडल मारणारा तो कधी वळवत नाही, आणि वरून दाबतही नाही, खालून वर ओढतो. ‘हे बघून येत न्हाई. ज्यानं मारलंय त्याचाच हात असा बसतो.’ तुमचं हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. ज्या कागदासाठी मला खिडकीतून परत पाठवलं, तो बाबांच्या हातावर होता. तो बघायला एसटीचा एक निवृत्त मिस्त्री यावा लागला.

पण माझे आभार त्यासाठीही नाहीत. त्यानंतर जे झालं त्यासाठी आहेत.

बाबा वाकले, मान वर केली आणि स्वच्छ आवाजात विचारलं, ‘गेर काढलाय न्हवं?’

माझ्या तोंडात आलंच होतं, बाबा, इथं कुठली गाडी. मी तोंड उघडलंही होतं. आणि तुम्ही, त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान असून, एका क्षणात डायव्हर झालात. हसला नाहीत, माझ्याकडं बघितलं नाहीत, ‘अहो जाहो’ केलं नाहीत.

‘काढलाय. मार.’

एवढंच. चार वर्षांत बाबांच्या प्रश्नाला मिळालेलं ते पहिलं उत्तर होतं, मामा. आम्ही त्यांना औषधं दिली, वेळेवर जेवण दिलं, पाय चेपले, उत्तर मात्र दिलं नाही. गाडी गिअरमध्ये असताना हँडल मारलं तर ती अंगावर येते. तो प्रश्न भ्रमिष्टाचा नव्हता, शहाण्या कामगाराचा होता. तो ओळखायला त्या कामातलाच माणूस लागला.

बाबा त्या संध्याकाळी दोन वेळा जेवले. रात्री आज्जाबद्दल बोलले, तुटक तुटक, पण बोलले. ‘आधी फडकं, मग हँडल, मग ष्टेरिंग’ हा आज्जाचा दंडक, मालकाचा पोरगा असला तरी. म्हणजे मालकाचा मुलगाच फडकं मारत होता. माहिती गोळा करणाऱ्या त्या गृहस्थांना हे कुणीतरी सांगा. १ मार्च १९४९ ला संस्थान विलीन झालं, पुढं एकेक रस्ता सरकारकडं गेला आणि आज्जाचाही गेला. डायव्हर एसटीत लागला. गाडीची बॉडी परड्यात राहिली, त्यात कोंबड्या कोंडायचे. आणि एक गोष्ट मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकली. आमच्या रस्त्यावर एसटी सुरू झाली तेव्हा आज्जा तिकीट काढून, पुढच्या सीटवर बसून, बावड्यापर्यंत जाऊन आला. घरी येऊन म्हणाला, ‘गाडी चांगली हाय. येळेवर सुटती.’ धंदा बुडालेला माणूस हे म्हणाला. त्याच्या गाड्या भरल्याशिवाय सुटत नसत, हे त्याला ठाऊक होतं.

मामा, आज्जाचा तो स्वभाव आणि तुमचा स्वभाव मला एकाच जातकुळीचा वाटतो. समोरच्याचं जे आहे ते आहे म्हणायचं. मग तो आपला धंदा नेणारा असो, नाहीतर आठवण हरवलेला म्हातारा असो. अशी माणसं मोठ्या खुर्च्यांवर मला फार भेटली नाहीत. वर्कशॉपात, एसटीच्या केबिनमध्ये, किराणा दुकानाच्या गल्ल्यावर भेटली. उद्यमनगरातला तो दुकानदारही त्यातलाच. गिऱ्हाईक सोडून चौकापर्यंत मला रस्ता दाखवायला आला होता.

हँडल परत घेऊन जा म्हटलं तर तुम्ही ‘ऱ्हाऊ दे त्यांच्याजवळ’ म्हणालात. ते उशाशी असतं. फोटोला नवी चौकट केलीय आणि मागं चौघांची नावं लिहिलीत, गाडीचं नावही, शेव्हरलेट. बाबा अजून दुपारी उठून दाराशी जातात. आता मी त्यांना बसवत नाही. ते विचारतात, ‘गेर काढलाय न्हवं?’ मी म्हणते, ‘काढलाय.’ त्यापुढचं ‘मार’ माझ्या तोंडून निघत नाही. मग ते थोडा वेळ वाट बघतात.

पाऊस जरा उघडला की या. रविवारी तांबडा-पांढरा करते. केएमटीनं येऊ नका, मुलगा गाडी घेऊन येईल न्यायला.

तुमची,
फोटोतल्या पोराची मुलगी