तुरीचा भाव आणि पौषातलं काम

लातूर,
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू सहज म्हणालास, "तूरडाळ उतरली रे, बरं झालं." तेव्हा मी गप्प बसलो. त्याच दिवशी बाजार समितीत तूर घालून आलो होतो. सौदा क्विंटलला ७,१०० ला निघाला, हमीभाव होता ७,५५०. हमाली-तोलाई वजा होऊन आलेली हिशेबाची पट्टी टेम्पोत बसून दोनदा वाचली. सरकारी खरेदी केंद्रावर नोंदणी करून थांबता आलं असतं, पण सोसायटीचं कर्ज थांबत नाही.

२०१७ आठवतं ना? विक्रमी पीक, बोनस धरून ५,०५० हमीभाव आणि केंद्राबाहेर पोत्यांवर काढलेल्या रात्री. त्या ऑगस्टमध्ये सरकारने तुरीच्या आयातीला दोन लाख टनांची मर्यादा घातली. १५ मे २०२१ ला आयात खुली झाली. त्या खुल्या आयातीची मुदत वाढत वाढत जानेवारी २०२५ मध्ये मार्च २०२६ पर्यंत गेली. मोझांबिक, टांझानियाची तूर ऑगस्टपासून बंदरात उतरते. आपली खळ्यावर येईतो मिलवाल्याचं गोदाम भरलेलं असतं, मग तो कशाला घाई करील? गेल्या वर्षी पीक कमी होतं, तेव्हा आयात असूनही दहा हजारांवर भाव मिळाला, हेही खरं.

माझ्यापेक्षा मला रानात मजुरीला येणाऱ्या बायांची काळजी वाटते. सोयाबीनला आता हार्वेस्टर येतो. पौषात गावात हाताचं काम उरतं ते तुरीचं. पहाटेच्या दवातच कापायची, ऊन चढलं की शेंगा तडकतात. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला गच्च टापर, आणि विळ्याचा खसखस आवाज, बोलणं कमीच. मळणी झाली की मजुरीवर चुलीपुरता तुराट्यांचा भारा. यंदा आमच्या बांधाला लागून असलेल्या दोघांनी तूर सोडून ऊस लावला. तोडणीला बाहेरची टोळी येणार. आमच्याकडे वीस वर्षं येणाऱ्या काकू म्हणाल्या, "डाळ स्वस्त झाली म्हणतात दादा, पण घ्यायला हाताला रोजगार नको का?" मला उत्तर सुचलं नाही.

डाळ महागच राहावी असं मी म्हणत नाही. निदान डिसेंबर ते फेब्रुवारी, आपला माल बाजारात येतो तेवढे दिवस तरी बाहेरच्या तुरीवर शुल्क लावावं.

बाबा म्हणतात, आपणही ऊसच लावू. मृगाआधी ठरवायचं आहे. एप्रिलमध्ये दोन दिवस काढून ये, रानात बसून बोलू.

तुझा,
प्रकाश