शेकडेवारीला एकच रीत कशासाठी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात आपल्या दैनिकात गंगापूर धरणातील साठ्याची टक्केवारी जवळजवळ रोज छापून येते. आमच्या इमारतीतील सातवीत शिकणाऱ्या एका मुलीला त्यावरून मी सहज विचारले की, धरण ६० टक्के भरले असताना त्यात ३,३७८ दशलक्ष घनफूट पाणी असेल, तर धरणाची पूर्ण क्षमता किती? तिने वही न उघडता सांगितले, "दहा टक्के म्हणजे ५६३, म्हणून सगळं धरण ५,६३०." उत्तर अगदी बरोबर होते, पण लगेच तिने विचारले, "आजोबा, परीक्षेत असं लिहिलं तर गुण मिळतील का?" जिल्ह्यात तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेल्या मला या प्रश्नाचे उत्तर ठामपणे देता आले नाही, आणि ते का देता आले नाही हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

अशा मुलांचे गुण मी स्वतः कापलेले आहेत. निफाड तालुक्यात नोकरीला असताना सहामाही परीक्षेत '६४० चे ७५ टक्के किती?' असा तीन गुणांचा प्रश्न मी काढला होता. एका मुलाने '६४० चा पाव १६०, म्हणून पाऊण ४८०' एवढी एकच ओळ लिहिली. मी लाल शाईने 'रीत कोठे आहे?' असा शेरा मारून त्याला एक गुण दिला. आता वाटते की रीत त्याच ओळीत होती. माझ्या फळ्यावरची नव्हती, एवढेच. त्याला घरी आजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेतली होती, हे मला पुढे पालकांच्या भेटीत कळले. पूर्वीच्या शाळांत सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे रोज म्हटले जात, आणि २५, ५०, ७५, १२५ किंवा १५० टक्के म्हणजे दुसरे काय, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकीच. शेकडेवारीचा धडा येईपर्यंत मुलाच्या हातात अर्धा धडा आधीच असे. हे पाढे पुन्हा घोकून घ्यावेत असे माझे म्हणणे नाही. पण पाव आणि पाऊण हे शब्द ज्या मुलांच्या रोजच्या बोलण्यात आहेत, त्यांना 'पंचवीस छेद शंभर गुणिले' या एकाच दारातून आत घेण्याचा आग्रह आपण का धरतो, हे मला अजून उमगलेले नाही.

मात्र या आग्रहाचा दोष शिक्षकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. शिक्षकाला स्वतःला जी रीत शिकवली गेली तीच तो शिकवतो. दुसऱ्या रिती करून पाहण्याइतका निवांत वेळ, आणि मुख्य म्हणजे चुकण्याची मोकळीक, त्याला कोणी दिलेली नसते. गेल्या वर्षी एका केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मला तासभर बोलायला बोलावले होते. भाषण करण्याऐवजी मी फळ्यावर एक उदाहरण लिहिले: 'छापील किमतीवर २० टक्के सूट मिळाल्यावर येवल्याची पैठणी ४,८०० रुपयांना पडली, तर छापील किंमत किती?' आणि सांगितले की प्रत्येकाने ते निदान दोन निराळ्या रितींनी सोडवावे.

पहिले उत्तर ५,७६० असे आले. ज्या बाईंनी ते दिले त्यांनीच ताळा करून पाहिला; ५,७६० चे २० टक्के म्हणजे १,१५२ वजा केल्यावर ४,६०८ उरतात, ४,८०० नव्हे, हे पाहून त्या स्वतःशीच म्हणाल्या, "अरे, वीस टक्के कशाचे?" त्या दिवशीचा सर्वांत मोलाचा प्रश्न हाच होता. मग एका गुरुजींनी नेहमीप्रमाणे 'छापील किंमत क्ष मानू' असे समीकरण मांडले. दुसऱ्यांनी एकमान पद्धतीने, ८० रुपये देतो तेव्हा छापील किंमत १००, तर १ रुपयाला किती आणि ४,८०० ला किती, असे केले. एका तरुण शिक्षिकेने लांब पट्टी काढून तिचे पाच समान भाग केले, एक भाग सुटीचा म्हणून खोडला आणि उरलेल्या चार भागांवर ४,८०० लिहिले. एक भाग १,२०० आणि पाच भाग ६,००० हे मागच्या बाकावरूनही दिसत होते. आणखी एकांनी आमच्या इमारतीतल्या मुलीसारखेच केले: ८० टक्के ४,८००, म्हणून १० टक्के ६०० आणि १०० टक्के ६,०००.

एक गुरुजी बराच वेळ गप्प होते. त्यांनी संकोचाने सांगितले की आपण नुसता अंदाज केला: किंमत ५,००० धरली, तर सूट जाऊन ४,००० उरतात, हवे आहेत ४,८००, म्हणजे सव्वापटीला थोडे कमी, १.२ पट; म्हणून ५,००० ची १.२ पट, ६,०००. "ही काही रीत नाही," असेही त्यांनीच जोडले. त्यांना मी सांगितले की या रितीला भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे बाराव्या शतकात, 'इष्टकर्म' असे नाव आहे: मनाला येईल ती संख्या धरावी, तिच्यावर उदाहरणातली सारी क्रिया करावी आणि आलेल्या उत्तराच्या प्रमाणात मूळ संख्या दुरुस्त करावी. त्याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापन केला होता. तेथील १२०७ मधील शिलालेख आजही त्याची साक्ष देतो. पाटण काही नाशिकहून फार लांब नाही. आपल्याच अंगणातली रीत आपल्याच शिक्षकाला चोरून वापरावी लागते, याचे मला त्या दिवशी हसूही आले आणि वाईटही वाटले.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. अनेक रिती म्हणजे शिकवणी वर्गात मिळणाऱ्या 'ट्रिक' नव्हेत. ट्रिकमध्ये उत्तर का येते हे झाकलेले असते, रितीत ते दिसावे लागते. तसेच सगळ्या रिती सगळीकडे सारख्याच कामाच्या असतात असेही नाही, आणि ते शिक्षकाला ठाऊक हवे. पट्टीची आकृती २० किंवा २५ टक्क्यांना सुंदर चालते, १३ टक्क्यांना ती काढत बसणे वेडेपणाचे आहे, तेथे ०.१३ ने सरळ गुणावे. मेन रोडवरच्या दुकानात '५० टक्के अधिक २० टक्के सूट' असा फलक दिसला की कित्येक शिकलेली माणसेही ७० टक्के सूट धरून चालतात, ०.५ गुणिले ०.८ बरोबर ०.४, म्हणजे किमतीचे ४० टक्के द्यावे लागतात आणि सूट ६० टक्केच, हे दशांश गुणकाने एका ओळीत कळते.

आणि काही उदाहरणे अशी असतात की तेथे सूत्र पाठ असणारा हमखास फसतो. आपल्या द्राक्षांचेच पाहा. १०० किलो द्राक्षांत ८० टक्के पाणी आहे आणि तयार बेदाण्यात १५ टक्के राहते असे धरले, तर बेदाणा किती होईल? ८० तून १५ वजा करून ६५ टक्के पाणी उडाले आणि ३५ किलो बेदाणा झाला, असे उत्तर शिक्षकांकडूनही येते. पण वाळताना बदलत नाही तो २० किलोंचा घन भाग. तोच भाग बेदाण्याचे ८५ टक्के आहे, म्हणून बेदाणा सुमारे साडेतेवीस किलो होतो. पिंपळगाव बसवंतकडचा कोणीही बागायतदार 'चार किलोला एक किलो' हा हिशेब तोंडी सांगतो. तो वर्गात येऊ द्यायचा की 'हे गणितात चालत नाही' म्हणून दाराबाहेर ठेवायचा, हे शिक्षकाच्या हाती आहे.

या निमित्ताने आपल्यासारख्या दैनिकांनाही एक विनंती करावीशी वाटते. कांद्यावरील निर्यातशुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये ४० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. याला 'शुल्क २० टक्क्यांनी घटले' म्हणावे, की शुल्क निम्मे झाले म्हणून '५० टक्क्यांनी घटले' म्हणावे? शुल्कासह १४० रुपयांना पडणारा माल १२० ला पडू लागला, म्हणजे खरेदीदारासाठी घट सुमारे १४ टक्क्यांची. तिन्ही आकड्यांना आधार आहे, फक्त प्रत्येक वेळी 'कशाचे टक्के?' याचे उत्तर निराळे आहे. बातमीत ते एका शब्दाने स्पष्ट केले, तर लासलगावच्या शेतकऱ्याचे आणि त्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलाचेही काम सोपे होईल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाचे धरले आहेत. त्यांतले मोजके तास जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने आणि केंद्रप्रमुखांनी अशा कामाला द्यावेत. प्रत्येक शिक्षण परिषदेत शेकडेवारीचे एकच उदाहरण घ्यावे, शिक्षकांनी ते आधी स्वतः सोडवावे, मग आपापल्या वर्गातील मुलांच्या वह्यांतून जशाच्या तशा उतरवून आणलेल्या रिती, चुकलेल्यांसह, फळ्यावर मांडाव्यात आणि कोणती रीत कोठे अडते यावर बोलावे. त्यासाठी प्रोजेक्टर लागत नाही, बाहेरचा तज्ज्ञही लागत नाही. वेळ मात्र अर्ध्या तासाहून कमी देऊ नये, कारण पहिली दहा मिनिटे सगळे समीकरणच मांडतात. याबरोबर एक स्पष्ट लेखी सूचनाही शाळांना जावी की, ज्या रितीतून उत्तर कसे आले ते दिसते, तिला पूर्ण गुण द्यावेत. ती सूचना निघाली की आमच्या इमारतीतल्या मुलीचा प्रश्न मी निकालात काढीन. तूर्त तिला 'बाईंना विचार' एवढेच सांगून वेळ मारून नेली आहे.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक,
गंगापूर रोड, नाशिक