रॉडनी मलन यांना, पार्किंगमधून

आदरणीय रॉडनी मलन,
सप्रेम नमस्कार.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मधे सपाट कोब्याचा एक पट्टा आहे, जेमतेम तीन गाड्यांचा. रात्री दहानंतर तो माझा. तिथे ना उतार, ना गोलाईची भिंत. तरी त्यावर स्केटबोर्ड हवेत उचलता येतो, हे तुमचे उपकार.

ऑली, म्हणजे हात न लावता बोर्डासकट मारलेली उडी, मुळात ॲलन गेलफंड यांची, हे ठाऊक आहे. पण त्यांना स्केटिंगच्या खोलगट हौदाच्या, म्हणजे 'बोल'च्या, वळणदार भिंतीची साथ होती. तुम्ही १९८२च्या सुमारास ती सपाट जमिनीवर आणली. मागच्या पायाने टेल, म्हणजे बोर्डचं मागचं टोक, आपटायची, पुढचा पाय घासत नोजकडे, पुढच्या टोकाकडे, न्यायचा, बस्स. मला या 'बस्स'ला चौदा महिने लागले. डाव्या बुटाची करंगळीकडची बाजू बोर्डवरच्या खरखरीत ग्रिप टेपने खाल्ली, नडग्या निळ्या झाल्या. वय ३८. वॉचमनकाका रोज म्हणायचे, "ताई, पडाल."

तुमच्या वडिलांनीही बोर्ड देताना अटच घातली होती ना, जोरात लागलं की स्केटिंग बंद! फ्लोरिडातल्या शेतावरचं घर, गॅरेज, आणि तासन्‌तास एकटा मुलगा. चौदाव्या वर्षी तो फ्रीस्टाइलचा, म्हणजे सपाट जमिनीवरच्या बोर्ड-कसरतींचा, जगज्जेता होतो, १९८३मध्ये किकफ्लिप काढतो, उडीतच बोर्ड पायाखाली गरकन फिरवायची. आज कुठल्याही देशातलं पोर रस्त्यावर बोर्ड फिरवतं, तेव्हा त्यात तुमचा पाय असतोच.

पण मला जास्त भिडतं ते पुढचं. १९९०च्या आसपास फ्रीस्टाइलचे दिवस सरले. आयुष्यभर कमावलेली विद्या एकदम जुनाट ठरली. तुम्ही मात्र ती रस्त्यावरच्या कठड्यांवर, पायऱ्यांवर नेलीत, म्हणजे जगज्जेतेपद बाजूला ठेवून पुन्हा नवशिके झालात. नंतर उजवा खुबा आखडला, तेव्हा उलट्या पायाने, म्हणजे नेहमीचा मागचा पाय पुढे घेऊन, उभं राहायला शिकलात. नोकरी सुटल्यावर मी पस्तिशीत नव्याने अकाउंटिंग शिकत होते, तेव्हा रात्री तुमचेच व्हिडिओ बघायचे. धीर आला असं नाही म्हणत, पण लाज कमी झाली.

काका आता दहाच्या आधीच पट्ट्यातली स्कूटर हलवून ठेवतात. किकफ्लिप मात्र अजून जमत नाही. बोर्ड फिरतो, पण ऐन वेळी पाय पळून जातात.

आपली आभारी,
पार्किंगमधली एक शिकाऊ