अडतीस हजारांची बुलेट आणि लिलावाच्या नोटिसा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात बँकांच्या जाहीर लिलावाच्या नोटिसा नेहमी येतात. बारीक टाइप, गट नंबर, चतुःसीमा, राखीव किंमत आणि तळाशी 'प्राधिकृत अधिकारी'. माझी सारी नोकरी एका सहकारी बँकेच्या वसुली खात्यात गेली, त्यामुळे अजूनही सवयीने मी त्या वाचतो. बाकी कुणी वाचत असेल असं वाटत नाही. आणि मोबाईलवर आपलीच एखादी बातमी उघडली की मधोमध पट्टी येते: 'बँकेने सीझ केलेल्या गाड्या निम्म्याहून कमी किमतीत, आजच बोली लावा.' कागदावरचा लिलाव खरा असतो पण तो कुणाला कळत नाही. मोबाईलवरचा सगळ्यांना कळतो, आणि तो बहुतेक वेळा निव्वळ लुबाडणूक असते. हे दोन्ही आपल्याच नावाखाली वाचकांसमोर येतं, म्हणून हे पत्र.

आमच्या गल्लीतला एक मुलगा गोकुळ शिरगावला फौंड्रीत कामाला आहे. परवा धावतच आला. "काका, बुलेट लागली! साडेअडतीस हजारात." कोल्हापुरात बुलेटचा नाद काय असतो हे मी सांगायला नको. बरी चालणारी जुनी बुलेटसुद्धा इथे या भावात कुणी दारात उभी करू देणार नाही. त्याने मोबाईल पुढे केला. वर एका बँकेच्या चिन्हासारखं दिसणारं चिन्ह, खाली एमएच ०९ची पाटी असलेल्या गाडीचा फोटो, त्याखाली बोली लावणाऱ्यांची नावं सरसर वर सरकतायत आणि कोपऱ्यात लाल आकड्यांचं घड्याळ उलटं धावतंय. दुसऱ्या गाडीचं पान उघडून बघितलं, तर तिथे एका ट्रॅक्टरवर तीच माणसं त्याच क्रमाने बोली लावत होती. पान रिफ्रेश केलं की घड्याळ पुन्हा पंधरा मिनिटांवर. फोटोतला नंबर परिवहनच्या ॲपवर टाकला, तर तो निघाला एका स्कूटरचा.

तोवर पोराने नोंदणीचे १,९९९ रुपये भरले होते. लिलाव 'जिंकल्यावर' दहा टक्के भरले. मग एनओसीचे. मग फोन आला की गाडी निघाली, पण किणीच्या टोलनाक्यावर अडवली आहे, जीएसटी भरल्याशिवाय सोडत नाहीत. प्रत्येक रकमेपुढे 'रिफंडेबल' लिहिलेलं. रक्कम कधीच एकदम मोठी नव्हती, एवढे भरलेत तर आणखी थोडे भरू, अशा बेताने मागितलेली. आणि पैसे जात होते परराज्यातल्या कुणा बाईच्या बचत खात्यावर. पैसे पाठवताना तिचं नाव स्क्रीनवर स्वच्छ दिसत होतं. बँकेच्या लिलावाचे पैसे बाईच्या खात्यावर कसे, असं विचारलं तर म्हणाला, "मॅडम मॅनेजर असतील की!"

पोरगा अडाणी नाही, डिप्लोमा झालाय त्याचा. बँक लिलाव कसा करते हे त्याला कधी कुणी सांगितलंच नाही, एवढंच.

थकलेल्या कर्जापोटी तारण ठेवलेली वस्तू कोर्टात न जाता जप्त करून विकायचा अधिकार बँकेला देणारा सरफेसी कायदा २००२चा. मिळकत असो वा जप्त केलेला माल, जाहीर लिलाव करायचा तर नोटीस दोन प्रमुख वृत्तपत्रांत छापावी लागते आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. हा कायदा सहकारी बँकांना लागू आहे की नाही, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेला होता आणि तो खटला होता आपल्याच जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका बँकेचा. २०२० मध्ये निकाल लागला: लागू आहे. घर-जमिनीची किंमत बँकेला मनाला येईल तशी लावता येत नाही. मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल घ्यायचा, मग राखीव किंमत ठरवायची. बोलीआधी बयाणा भरायचा, साधारणपणे राखीव किमतीच्या दहा टक्के. बोली लागली की त्याच दिवशी, फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी, बयाणा धरून २५ टक्के, आणि उरलेले बँकेने विक्री कायम केल्यावर पंधरा दिवसांत. हे सगळं बँकेच्या नावाच्या खात्यात किंवा अधिकृत पोर्टलवर. त्याआधी पाहणीची तारीख दिलेली असते. गाडी असेल तर यार्डात जाऊन ती बघायची, इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसी बुकाशी ताडायचा.

सगळ्या गाड्या या कायद्याने विकल्या जातात असंही नाही. फायनान्स कंपन्या ओढून आणलेल्या गाड्या बऱ्याचदा करारातल्या अधिकाराने यार्डातूनच नोंदणीकृत डीलरांना विकतात. तिथेही गाडी बघायला मिळते आणि पैसे कंपनीच्या खात्यावर जातात. 'आधी पैसे, गाडी घरपोच' असा लिलाव माझ्या उभ्या नोकरीत मी पाहिला नाही.

हल्ली खरे लिलावही ऑनलाइनच होतात. सरकारी बँकांचं 'बँकनेट' पोर्टल आहे, भंगार आणि सरकारी माल एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या पोर्टलवर विकला जातो. त्यामुळे 'ऑनलाइन म्हणजे खोटं' असं सांगून भागत नाही. शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो तेव्हा व्यापारी ढिगाभोवती उभे राहतात, रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, रंग बघतात, कणी बघतात आणि मगच तोंडातून भाव काढतात. पडद्यावर हे होत नाही, म्हणून माल बघायचं काम बोलीच्या आधी स्वतः जाऊन उरकावं लागतं.

एक गोष्ट मात्र लोकांच्या ध्यानातच येत नाही. बँकेच्या लिलावावर थकबाकीदाराचाही डोळा असतो. त्याची लाखाची वस्तू चाळीस हजाराला गेली तर उरलेलं कर्ज त्याच्याच बोकांडी बसतं. तो गप्प बसेल काय? सरफेसीखाली तो डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, जातो, किंमत पाडली म्हणून स्टे मागतो. मी असे अर्ज सोसलेत. त्यामुळे खऱ्या लिलावात स्वस्त मिळतं ते फार तर बाजारापेक्षा थोडं कमी, आणि त्यालाही कारण असतं: घरात भाडेकरू बसलेला असतो, महापालिकेचा घरफाळा थकलेला असतो, ताबा नुसता कागदावर असतो. 'जसे आहे, जेथे आहे' असं नोटिशीत लिहितात ते यासाठीच. निम्म्याने स्वस्त आणि कटकट काहीच नाही, असा व्यवहार बँकेला करायचा म्हटला तरी करता येत नाही.

जुन्या वस्तूंच्या जाहिरातींतही हाच खेळ चालतो. 'फौजेत आहे, बदली झाली, स्कूटर द्यायची आहे' म्हणत गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवायचं. आपल्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखी गावं आहेत, घरटी एक माणूस सैन्यात. त्या गणवेशावर आपला विश्वास बसतो तो उगाच नाही, आणि भामट्यांना ते पक्कं ठाऊक आहे. आपण विकणारे असलो तर क्यूआर कोड पाठवतात: 'स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील.' यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले.

आणखी एक प्रकार आहे ज्यात वस्तू खरंच मिळते, पण एकालाच. पंधरा हजारांचा फोन दोन हजारांना 'गेला' अशी जाहिरात असते. प्रत्येक बोलीला दहा रुपये पडतात आणि बोलीने किंमत एक रुपयाने वाढते, असं धरा. दोन हजारांपर्यंत जायला दोन हजार बोली, म्हणजे बोलींचेच वीस हजार चालवणाऱ्याच्या खिशात आणि वर फोनचे दोन. हरलेल्यांना काहीच परत नाही. परदेशात स्वूपो नावाची साइट यावरच चालत होती, २०११ मध्ये ती बंद पडली. आपल्याकडे कुणी हा धंदा आणला तर त्याला लिलाव म्हणू नये, सोडत म्हणावं.

पोराला घेऊन मी लगेच १९३०ला फोन लावला. सायबर फसवणुकीचा हा देशभराचा नंबर. तक्रार तिथून संबंधित बँकांकडे जाते आणि पैसा अजून पुढच्या खात्यात असेल तर तेवढा गोठवता येतो. पण हे लोक भाड्याने घेतलेल्या खात्यांतून तासाभरात तो पाच ठिकाणी फिरवतात, म्हणून आधी १९३०, मग पोलीस ठाणे, आणि नातेवाइकांना सांगणं त्यानंतर. लोक नेमकं उलटं करतात, लाजेपोटी दोन दिवस कुणालाच सांगत नाहीत. बँक भरपाई देईल या भरवशावरही राहू नये. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये ग्राहक-संरक्षणाचं परिपत्रक काढलं ते ग्राहकाने मंजुरी न दिलेल्या व्यवहारांसाठी, आणि इथे पिन आपण आपल्या हाताने टाकलेला असतो. पोराला तक्रारीची पोच मिळाली आहे. पैसे अजून नाहीत.

आता आपल्याकडे मागणं. वेबसाइटवरच्या त्या पट्ट्या बाहेरच्या जाहिरात कंपन्यांकडून येतात, संपादकीय विभाग त्या निवडत नाही, हे मला माहीत आहे. वाचकाला नाही. त्याला वर आपलं नाव दिसतं. 'बँक लिलाव', 'सीझ गाड्या' अशा जाहिराती गाळायला सांगता येतात, त्या गाळाव्यात. छोट्या जाहिरातींत कुणी बँकेच्या नावाने लिलावाचा मजकूर आणला तर प्राधिकृत अधिकाऱ्याचं पत्र पाहिल्याशिवाय घेऊ नये. आणि नोटिसा आपल्याकडे येतातच, तर आठवड्यातून एकदा जिल्ह्यातल्या खऱ्या लिलावांची एक चौकट साध्या मराठीत द्यावी: काय विकायचं आहे, कुठे बघायला मिळेल, राखीव किंमत किती, कोणत्या शाखेत चौकशी करायची. जागा फार लागणार नाही. नोटिशीची मराठी मलाही दोनदा वाचावी लागते, आणि त्यातल्या बऱ्याच मीच लिहिलेल्या आहेत. मजकूर सोपा करून द्यायला माणूस लागला तर सकाळी मी मोकळाच असतो.

आपला,
एक निवृत्त वसुली अधिकारी,
मंगळवार पेठ, कोल्हापूर